मागे स्प्रिंग नसलेली सायकल

दाताच्या डॉक्टरांनी सायकल घेतली ती साडूभाऊंमुळे, हे ते अजूनही कबूल करत नाहीत. "तब्येतीसाठी घेतली," असं सांगतात. आता तब्येत त्यांच्याकडे पन्नास वर्षांपासून होती आणि सायकल मात्र साडूभाऊंकडे जेवायला गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी आली. यावरून बायकोला जे समजायचं ते समजलं. तिनं फक्त औषधांच्या कपाटात मलमाची एक नवी ट्यूब आणून ठेवली.

साडूभाऊ म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत मोठे इंजिनियर. आयुष्यभर लोकांना वर नेऊन खाली आणायचं काम केल्यामुळे चढ आणि उतार या दोन्ही विषयांत शेवटचा शब्द आपलाच, अशी त्यांची प्रामाणिक समजूत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी डोंगरात चालवायची सायकल घेतली. पुढे धक्के झेलणारा शॉक, मागेही शॉक, मधे इतके सांधे आणि नळ्या की ती सायकल उभी असली तरी काहीतरी विचार करतेय असं वाटायचं. तेव्हापासून दर रविवारी ते गावाबाहेरच्या जंगलातला डोंगर चढायचे, पलीकडच्या पायवाटेनं उतरायचे आणि आपण कसे उतरलो ते उरलेले सहा दिवस सांगायचे.

त्या रात्रीच्या जेवणातही सूप संपायच्या आत ते डोंगरमाथ्यावर पोचले होते. "काय सांगू डॉक्टर, अशी उभी उतरण! डावीकडे दरी, उजवीकडे खडक, मधे मुळांचं जाळं. आणि मी आपला पाण्यासारखा वाहत खाली!" मग डॉक्टरांच्या पोटाकडे बघत त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. "तुम्हाला नाही कळायचं ते. तुमचा सगळा धंदा एका खुर्चीभोवती."

डॉक्टरांनी हातातला ब्रेडचा तुकडा खाली ठेवला. तो ज्या पद्धतीनं ठेवला ते पाहून बायकोनं कपाळाला हात लावला.

सायकलचं दुकान एक बाई चालवत होत्या. उंच, सडपातळ, कोपरापर्यंत ग्रीस, आणि बोलणं मोजकं. डॉक्टर म्हणाले, "डोंगरात चालवायची सायकल दाखवा."

"फुल सस्पेन्शन की हार्डटेल?"

पहिला शब्द साडूभाऊंचा होता, म्हणून तो आपोआप बाद झाला. "ते दुसरं जे म्हणालात ते," डॉक्टर ठामपणे म्हणाले.

बाईंनी एक हिरवी सायकल पुढे ओढली. "पुढच्या चाकाला शॉक आहे. मागे नाही."

"मग मागे काय आहे?"

"मागे तुम्ही आहात."

डॉक्टरांना हे उत्तर आवडलं. त्यात त्यांना आपल्या कर्तृत्वाची दखल दिसली. बाईंनी सगळं समजावून सांगितलं. ही वजनाला हलकी. चढाला सोन्यासारखी, कारण पायातला जोर सरळ चाकात जातो, मधल्या मधे स्प्रिंग खाऊन टाकत नाही. बिघडायला फारसं काही नाही. धुतली, तेल घातलं, की झालं. आणि शिकायला उत्तम, कारण चूक झाली की लगेच कळते.

"कुठे कळते?" डॉक्टरांनी विचारलं.

बाईंनी त्यांना वरपासून न्याहाळायला सुरुवात केली आणि मध्यावर येऊन त्या थांबल्या. "उतारावर दगड, मुळं आली की मागचं चाक उडतं. तेव्हा बसून राहायचं नाही. पॅडल सपाट करायची, उभं राहायचं, गुडघे सैल सोडायचे. आणि टायरमधली हवा कमी ठेवा, म्हणजे धक्का थोडा टायर घेईल. लक्षात राहील?"

"राहील की," डॉक्टर म्हणाले. पेशंट दिवसातून दोनदा ब्रश करायचं ज्या आवाजात कबूल करतात, अगदी त्याच आवाजात.

सायकल बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये मावेना. आडवी घातली तर दार लागत नव्हतं, तिरकी घातली तर डॉक्टर मावत नव्हते. शेवटी ती मागच्या चाकावर उभी केली आणि तिला मिठी मारून डॉक्टर चौथ्या मजल्यापर्यंत गेले. दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली. बाहेर ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षा घेऊन निवृत्त झालेले इन्स्पेक्टरकाका उभे होते. त्यांनी त्या मिठीकडे पाहिलं, "असू द्या, मी जिन्यानं जातो," म्हणाले आणि खरोखर जिन्यानं डॉक्टरांच्या आधी चौथ्या मजल्यावर जाऊन उभे राहिले. कारण सल्ला देण्यासारखं काही दिसलं की काकांचे गुडघे दुखत नसत.

"ब्रेक बघू. ठीक. घंटी? घंटी नाही? आणि हे टायर काय असे पिलपिलीत?"

"हवा कमीच ठेवायची असते यात."

"कोणी सांगितलं? चौतीस वर्षं मी लोकांना रस्त्यावर सोडलं. हवा कशी हवी? टणक हवी. अंगठा आत जाता कामा नये." आणि त्यांनी डॉक्टरांचा अंगठा धरून टायरवर दाबून दाखवला. एकशे पाच दाढा काढलेल्या महिन्यातही तो अंगठा इतका दाबला गेला नव्हता.

सराव बिल्डिंगच्या मागच्या बागेत झाला. तिथे सहा पायऱ्या आहेत. पहिल्या दिवशी डॉक्टर त्या पायऱ्या बसल्या बसल्या उतरले. सहा पायऱ्या, सहा धक्के, आणि प्रत्येक धक्क्याला त्यांच्या तोंडून एकेक निराळा स्वर. तिसऱ्या मजल्यावर गाण्याच्या शिकवणीला बसलेल्या मुलींनी ते स्वर पेटीवर शोधायचा प्रयत्न केला म्हणतात. त्यानंतर चार दिवस डॉक्टर दवाखान्यात उभ्यानं काम करत होते. "उभ्यानं नजर चांगली पोचते," असं त्यांनी नर्सला सांगितलं. नर्सनं त्यांचं स्टूल भिंतीला सरकवून ठेवलं, एवढाच काय तो अपमान.

दवाखान्यात मात्र हार्डटेलचा प्रचार जोरात होता. दाताच्या डॉक्टरांना देवानं एक देणगी दिलेली असते. समोरच्याचं तोंड उघडं असतं आणि त्याला बोलता येत नाही. "चढाला हिच्यासारखी दुसरी नाही," ड्रिल फिरवत डॉक्टर सांगायचे. "ती मागे शॉक असलेली सायकल पॅडल मारलं की खालीवर डुलते. पाळण्यासारखी. पटतंय ना?" पेशंट म्हणायचा, "आ." डॉक्टर म्हणायचे, "तेच म्हणतो मी." आठवड्याभरात त्यांच्या मताला सदतीस लोकांचा पाठिंबा मिळाला.

मग जंगलात जायचा वनखात्याचा पास. साडूभाऊंकडे वर्षभराचा पास होता आणि तो कसा मिळवला ते ते सांगत नव्हते. "ओळखी लागतात," एवढंच म्हणायचे. डॉक्टर सरळमार्गी. ते सरळ खिडकीपाशी गेले. आतल्या कारकुनानं फॉर्म पुढे केला. त्यात तीनच चौकटी होत्या. पायी, घोडा, वाहन.

"सायकल कशात येते?"

"वाहन," कारकून म्हणाला. "इंजिन नंबर लिहा."

"सायकलला इंजिन नसतं."

"मग धुराचा दाखला कसा मिळणार?" कारकुनाला खरोखर काळजी वाटली. तो चांगला माणूस होता, फक्त फॉर्म बदलणं त्याच्या हातात नव्हतं. "पायी लिहू का? पण मग सायकल खांद्यावर न्यावी लागेल."

"दोन्ही वाटा?"

"येताना-जाताना." त्यानं थोडा विचार केला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "घोडा करून टाकू. घोड्याला इंजिन विचारत नाहीत."

अशा रीतीनं डॉक्टर घोड्याच्या फॉर्मपाशी आले. रंग? हिरवा. उंची? खोगिरापर्यंत तीन फूट. दात? इथे डॉक्टरांची पेन्सिल जरा रेंगाळली, कारण हा त्यांचा प्रांत. पॅडलजवळच्या मोठ्या चक्राचे दात त्यांनी पहिल्याच दिवशी मोजले होते आणि मोजून त्यांना गहिवरून आलं होतं. त्यांनी लिहिलं, बत्तीस. किडलेले? एकही नाही. शेवटचा रकाना होता, लाथ मारतो का? डॉक्टरांनी निष्पाप मनानं लिहिलं, नाही.

रविवारी सकाळी दोघी बहिणी गाडीनं डोंगराच्या पलीकडच्या फाटकापाशी जाऊन थांबणार आणि दोघे साडू अलीकडून चढून पायवाटेनं तिथे उतरणार, असं ठरलं. फाटक बाराला बंद होतं. साडूभाऊ म्हणाले, "अकराला पोचू. म्हणजे मी साडेदहाला, पण डॉक्टरांसाठी थांबेन." रविवारी निघायच्या आधी डॉक्टर आदल्या रात्री खाली ठेवलेली सायकल घ्यायला गेले, तर इन्स्पेक्टरकाका पंप घेऊन घाम पुसत उभे होते. "भरून दिली. आता अंगठा काय, खिळा जायचा नाही." डॉक्टरांना दुकानातल्या बाई आठवल्या. पण पंच्याहत्तर वर्षांच्या माणसानं सकाळी सहाला उठून भरलेली हवा त्याच्या डोळ्यांदेखत कशी सोडायची?

चढ सुरू झाला आणि डॉक्टरांच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा पाऊण तासही. वाट कोरडी, मातीची, बऱ्यापैकी सपाट होती. हिरवी सायकल अशी चढत होती की जणू तिला वर कोणाला भेटायचं होतं. पायात जेवढं होतं तेवढं सगळं चाकात. मागे साडूभाऊंची जड सायकल प्रत्येक पॅडलला खाली वाकत होती, वर येत होती, आणि तिच्यावर साडूभाऊही. दर वळणावर डॉक्टर थांबायचे, दर वळणावर साडूभाऊ त्यांना गाठायचे, आणि बोलायला श्वास उरला नसल्यामुळे नुसतेच बघायचे.

"पाळणा बरा डुलतोय," डॉक्टर म्हणाले.

"लॉक... करायचं... राहिलं... शॉक," साडूभाऊ म्हणाले.

माथ्यावर एक सपाट खडक होता. डॉक्टर त्यावर उभे राहिले. खाली झाडांचे शेंडे, दूरवर फाटकाजवळ मोटारींचे ठिपके, वारा. त्यांना दोन शब्द बोलावेसे वाटले आणि ते त्यांनी वीस मिनिटं बोलले. साधेपणा, हलकेपणा, माणसाचे स्वतःचे पाय. साडूभाऊ निमूट ऐकत होते. हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं, पण विजयाच्या भरात डॉक्टरांच्या ते ध्यानात आलं नाही.

"तुम्ही व्हा पुढे," साडूभाऊ शेवटी म्हणाले. "मी मागून येतो. मी पुढे राहिलो तर तुम्ही घाई कराल."

डॉक्टर पुढे झाले.

उतार म्हणजे काय हे सांगणं कठीण आहे. पहिले दहा-बारा हात तो चांगला वागला. मग वाटेवर मुळं आली, जाडजूड, एकामागून एक. पुढचं चाक त्यांवरून सभ्यपणे गेलं, कारण त्याला शॉक होता. मागच्या चाकाला डॉक्टर होते आणि ते बसलेले होते. टायर दगडासारखा टणक. सायकलनं लाथ मारली. सरकारी कागदावर आपण खोटं लिहून दिलंय हे डॉक्टरांना त्या क्षणी समजलं. दुसऱ्या लाथेला पाण्याची बाटली झाडीत गेली. तिसरीला चष्मा कपाळावर गेला. चौथीला जबडा असा मिटला की कवटीत घंटा वाजली आणि डॉक्टर एका झुडपात, बऱ्यापैकी अलगद, थांबले.

त्यांनी जीभ फिरवली. पुढच्या दातावरची कॅप नव्हती.

ती कॅप कॉलेजात असताना मित्रानं बसवलेली. अठ्ठावीस वर्षं टिकली होती. स्वतः दाताचे डॉक्टर असून आता ते चार पायांवर वाळक्या पानांत दात शोधत होते. शोधत शोधत थोडे वर सरकले, आणखी थोडे वर सरकले आणि मान वर करून पाहतात तो माथ्यावर साडूभाऊ आपली सायकल हळूच वळवून आल्या वाटेला लागत होते. चोरपावलांनी. सायकलला चोरपावलं असतात हे डॉक्टरांना त्या दिवशी कळलं.

"थाडूभाऊ!" डॉक्टर ओरडले.

पुढचा दात गेला की 'स' पहिला जातो.

साडूभाऊ जागच्या जागी थिजले. "ब्रेक तपासत होतो," ते म्हणाले.

"तिकडे तोंड करून?"

साडूभाऊंचा चेहरा लाल झाला, मग आणखी लाल. माणूस लाजला की गप्प बसतो, पण लिफ्टचा इंजिनियर लाजला की बटण दाबतो. साडूभाऊंनी सायकल गर्रकन फिरवली, "बघाच आता!" म्हणाले आणि उतारावर झेपावले. खरं सांगायचं तर सायकलनं काही कमी केलं नाही. डॉक्टरांना जिथे चार लाथा बसल्या ती मुळं तिनं लोण्यासारखी पार केली, मागचं चाक प्रत्येक मुळावर शहाण्यासारखं वर आलं आणि खाली गेलं. डॉक्टर झुडपातून बघत राहिले आणि मत्सर विसरून मनाशी म्हणाले, वा. एवढ्यात साडूभाऊंना आपण खरोखर उतरतोय याचा साक्षात्कार झाला, आणि त्यांनी घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. सायकल जागेवर थांबली. साडूभाऊ थांबले नाहीत.

डॉक्टर धावत पोचले तेव्हा ते पानांच्या ढिगात उताणे पडून आभाळाकडे बघत होते. डावा पाय घोट्याशी भराभर सुजत होता.

"हलवू नका," डॉक्टर म्हणाले. "बघू द्या."

"तुम्ही दाताचे."

"हाडं थगळ्यांना थारखीच."

हाड शाबूत वाटत होतं, पण पाय टेकवणं शक्य नव्हतं. फोनला रेंज नव्हती. साडेअकरा वाजून गेले होते. साडूभाऊ अगदी लहान आवाजात म्हणाले, "डॉक्टर, मी इथून कधी उतरलोच नाही. पहिल्या रविवारी इथवर आलो, खाली बघितलं आणि धाबं दणाणलं. डांबरी रस्त्यानं वळसा घालून घरी गेलो. हिनं विचारलं, उतरलात? तोंडातून हो गेलं. मग पुढच्या रविवारी नाही कसं म्हणायचं?"

"तीन वर्षं?"

"एकशे चाळीस रविवार." त्यांनी डॉक्टरांचा हात धरला. "हिला सांगू नका हो."

डॉक्टरांना वाटलं होतं की असा क्षण आला तर आपल्याला आनंद होईल. तो काही झाला नाही. पानांत पडलेला, हेल्मेट तिरकं झालेला हा माणूस त्यांना एकाएकी आपल्या खुर्चीतल्या पेशंटसारखा दिसला, आणि खुर्चीतल्या माणसावर त्यांना कधीच रागावता आलं नव्हतं. त्यांनी साडूभाऊंच्या पाठीखाली आपलं जाकीट घातलं, त्यांची पाण्याची बाटली त्यांच्या हाताशी ठेवली आणि स्वतःच्या सायकलपाशी गेले.

बाराला फाटक बंद होणार. पायी गेलं तर तास मोडणार. साडूभाऊंची सायकल उचलावी, असं मनात आलं. पण तिचं हँडल आता उजवीकडे बघत होतं आणि चाक सरळ. राहिली हिरवी. डॉक्टरांनी खाली बसून दोन्ही टायरमधली हवा सोडली, अंगठा आत जाईपर्यंत. मनातल्या मनात काकांची माफी मागितली. सीट पार खाली बसवली. पॅडल सपाट केली आणि उभे राहिले.

उभं राहिल्यावर तीच वाट निराळी झाली. सायकल खाली उड्या मारत होती, मागचं चाक तडातडा आपटत होतं, पण ते सगळं आता गुडघ्यांत येऊन संपत होतं. कुठलं मूळ टाळायचं, कुठल्या दोन दगडांमधून जायचं, हे आधी बघावं लागत होतं. चुकलं की लगेच कळत होतं. बोटं ब्रेकवर आखडली होती, आणि एका वळणावर मागचं चाक सरकलं तेव्हा एक पाय जमिनीला घासून तोल सावरला. दोनदा पडले. एकदा नडगी सोलली. एकदा नुसतेच सायकलवरून उतरले आणि सायकल दहा हात पुढे जाऊन त्यांची वाट बघत उभी राहिली. पण शेवटच्या वळणानंतर झाडी सरली, समोर फाटक दिसलं, आणि डॉक्टरांच्या तोंडून एक आरोळी निघाली. ती आनंदाची होती की भीतीची, हे त्यांना विचारायला वेळ नव्हता.

रखवालदार कुलूप हातात घेऊन उभा होता. त्यानं पासांच्या वहीत बघितलं. "घोडा तुमचाच ना? एक घोडा, हिरवा?"

"थोडा तो घोडा! माझे थाडू वर पडलेत!"

"थाडू म्हणजे?"

"बायकोच्या बहिणीचे यजमान! पाय थुजलाय!"

रखवालदार भला माणूस. गस्तीचा खराखुरा घोडा घेऊन तो वर गेला. पाऊण तासानं साडूभाऊ त्या घोड्यावर बसून खाली आले आणि मागून त्यांची सायकल रखवालदारानं ढकलत आणली. वहीत आत गेलेला घोडा एक आणि बाहेर आलेले दोन, यावर तो बराच वेळ डोकं खाजवत बसला. शेवटी त्यानं शेरा मारला, "घोडी वाटेत व्याली." आणि कुलूप लावलं.

तोवर दोघी बहिणी धावत आल्या होत्या. बायकोनं डॉक्टरांची नडगी पाहिली, तोंडातली फट पाहिली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "अहो, हे काय करून घेतलंत!" तिच्या ताई मात्र आपल्या नवऱ्याच्या पायाकडे बघत शांतपणे विचारत होत्या, "कसे पडलात?"

साडूभाऊंनी घोड्यावरून डॉक्टरांकडे पाहिलं. तसली नजर डॉक्टर रोज बघत असतात, इंजेक्शनची सुई वर धरली की.

"ते माझ्या बरेच पुढे होते," डॉक्टर म्हणाले. "वाऱ्याथारखे. मधेच आडवा थथा आला. त्याला वाचवायला गेले."

"काय आला?"

"थथा. लांब कानांचा."

गाडीत बसेपर्यंत त्या सशाचं रानडुक्कर झालं होतं. साडूभाऊंनी मागच्या सीटवर पाय लांब करून त्याच्या सुळ्यांचंसुद्धा वर्णन केलं. डॉक्टर काही बोलले नाहीत. बोलण्यासारखा दात नव्हता.

कॅप बसवायला डॉक्टरांना रस्त्यापलीकडच्या दाताच्या डॉक्टरकडे जावं लागलं. आरशात बघून स्वतःची स्वतः बसवायचा प्रयत्न त्यांनी आधी करून बघितला, पण नर्सनं हात जोडले. पलीकडच्यानं त्यांना खुर्चीत आडवं केलं, तोंड उघडायला लावलं आणि पोहण्यासारखा दुसरा व्यायाम नाही हे चाळीस मिनिटं समजावून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "आ." तो म्हणाला, "तेच म्हणतो मी."

पंधरा दिवसांनी साडूभाऊंच्या पायाची विचारपूस करायला डॉक्टर बायकोला घेऊन गेले. साडूभाऊ बाहेरच्या खोलीत पाय उशीवर ठेवून मेव्हणीला, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोला, रानडुकराची गोष्ट सांगत होते. डुकरं आता दोन झाली होती. डॉक्टर पाणी प्यायला आत गेले, तर ताई ओट्यापाशी गाजरं चिरत उभ्या होत्या.

"डॉक्टर, चांगलं सांभाळून घेतलंत हो यांना," त्या मागे न बघता म्हणाल्या.

डॉक्टरांनी पेला खाली ठेवला. "म्हणजे?"

"त्यांची सायकल दर रविवारी मी पुसते. तीन वर्षांत तिच्यावर एक पान चिकटलेलं बघितलं नाही. डांबराचे ठिपके मात्र असतात."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

ताईंनी सुरी खाली ठेवली. "डॉक्टर, रविवारी सकाळी साडेचार तास या घरात मला कोणी सांगत नाही की गाजर असं नाही, तसं चिरायचं. रेडिओ लावते, पाय वर घेऊन कॉफी पिते. रस्त्यानं वळसा मोठा पडतो ना, म्हणून साडेचार. पायवाटेनं उतरायला लागले तर किती लागतील?"

डॉक्टरांनी हिशेब केला. "दोन. फार तर सव्वादोन."

"तेच," ताई म्हणाल्या आणि पुन्हा गाजराकडे वळल्या. "त्या उतारावर तुम्ही हिमतीनं गेलात, यांच्यासाठी गेलात, ते मी विसरायची नाही. पण आता उगाच त्यांना सुधारू नका."

बाहेर आले तेव्हा मेव्हणी बाल्कनीत झाडं बघायला गेली होती. साडूभाऊंनी डॉक्टरांना हातानं जवळ बोलावलं, दाराकडे नजर टाकली आणि कुजबुजले, "डॉक्टर, पाय बरा झाला की मला शिकवा. उतरायला. तुमच्या हार्डटेलवर. मागे शॉक असला की माणूस आळशी होतो, हे मला पटलंय. महिन्याभरात येईल ना?"

त्यांच्या डोळ्यांत खरी आशा होती. डॉक्टरांचं मन भरून आलं. आतून रेडिओचा बारीक आवाज येत होता आणि सुरी ओट्यावर टकटक वाजत होती.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा सारखा केला आणि खालच्या दाढेचा एक्स-रे उजेडात धरून ज्या गंभीरपणानं ते नेहमी सांगतात, त्याच गंभीरपणानं म्हणाले, "शिकवतो. पण घाई करून चालायचं नाही. बऱ्याच सिटिंग्ज लागतील."